हिशेबाबाहेरचा

शंभर वॉनची टॅक्सी चालवतो मी.
शंभर वॉनमध्ये हल्ली लिमलेटची गोळीसुद्धा येत नाही.
उरलेलं भाडं जिल्हा कचेरी भरते,
कारण बस बंद झाली, आणि बस बंद झाली
कारण बसायला कोणी उरलं नाही.

मंगळवार पिल-नाम आजींचा.
वय चौऱ्याऐंशी, पुढ्यात बाबागाडी.
बाळ आत नसतं, हे नव्या पाहुण्याला सांगावं लागतं.
आमच्या डोंगरात म्हाताऱ्या बाबागाडीला धरून चालतात.
काठीपेक्षा बरी, शिवाय मुळे मावतात.

आज तिच्यात डबे, आठवड्याचं खरकटं.
नाक्यावर यंत्र आहे. कार्ड टेकवलं की तोंड उघडतं,
वजन मोठ्याने सांगतं, तेवढेच पैसे कापतं.
एकशे ऐंशी ग्रॅम.
गेल्या खेपेला दीडशे होतं.
"कलिंगडाची सालं," आजी यंत्राला समजावते,
शेजारणीला सांगावं तसं.

जाऊन येऊन बावीस किलोमीटर.
गाडी गॅसवर चालते, तरी धूर तो धूरच.
हे मी बोललो नाही कधी,
पण ती आता आणखी तिघींचे डबे घेऊन येते.

पिल-नाम म्हणजे 'मुलगाच हवा'.
बापाने लेकीला हे नाव ठेवलं, पुढच्या खेपेसाठी.
आणि हीच लेक सत्ताविशीत
सरकारी सायकलवरून दारोदार हिंडली:
मुलगा असो, मुलगी असो, दोन पुरेत.
पिशवीत गोळ्यांची पाकिटं, काखेत वही.
तेव्हा प्रत्येक उंबऱ्यावर शेंबडी पोरं होती
आणि जव पिकायच्या आत
तांदळाचा रांजण खरवडून झालेला असायचा.

आमच्या घरासमोर वहीत दोनचा आकडा, पुढे बरोबरची खूण.
माझ्या आईने गोळ्या घेतल्या, कमरेत वाकून आभार मानले,
आणि परसात सोयाबीनच्या रांजणामागे पुरल्या.
का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही तिने.
मी तिसरा.
बरोबरची खूण खोडावी लागली,
हे आजीनेच मला सांगितलं, हसत,
माझ्या लग्नाच्या जेवणात.

हिशेबातले दोघे: एक इंचॉनला, एक टोरांटोला.
जादा होतो तो मी, आणि शिल्लक तोही मीच.
पंचावन्नाव्या वर्षी गावातला सगळ्यात तरुण.
छपरावरचं बर्फ ओढायला मी, बल्ब बदलायला मी,
तिरडीला पुढून खांदा द्यायला मी.
मागून कोण, हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवतो.

परतताना तिच्या नातीचा फोन आला, स्पीकरवर.
ये-रीम स्वतःचा पेला बरोबर नेते, विमानात बसत नाही,
आणि मूल नको म्हणते.
"आजी, पृथ्वीला आणखी एक तोंड कशाला?"
आजी इतका वेळ गप्प
की मला वाटलं, बोगद्यात रेंज गेली.
मग म्हणाली,
"मी हेच लोकांच्या बायकांना सांगत फिरले.
तू निदान स्वतःलाच सांगतेस.
जेवलीस का?"

सहकारी गोदामाच्या भिंतीवर पूर्वी लिहिलेलं असायचं: कमी जन्माला घाला.
आता तिथेच फलक आहे: बाळ झालं की एक कोटी वॉन.
आम्ही दोघांनी तो वाचला. वाचल्याचं दाखवलं नाही.

"मान-सोक," ती म्हणाली, "माझा राग येतो का रे तुला?"
"कशाचा?"
"वहीचा."
चढ होता. मी गिअर बदलला.
माझ्या आईला कुणी विचारलं होतं का,
ना त्या वहीने, ना माझ्या बापाने,
हे मला तेव्हा सुचलं नाही, रात्री भांडी घासताना सुचलं.
तेव्हा मी एवढंच म्हणालो,
"कोबी यंदा बरा आहे तुमचा."

दारात बाबागाडी उतरवली.
रिकामी होती, तरी हात आपोआप हळू झाले.
तिने नाणं दोनदा निरखून तळहातावर ठेवलं.
कचेरीसाठी पावती लिहिली:
प्रवासी एक. अंतर बावीस.
सामान: चार डबे, धुतलेले.